नाताळच्या पंगतीतली पळी

एका गावात एक पळी होती. पितळेची, हातभर लांब, चर्चच्या मालकीची. वर्षभर ती पाळकसाहेबांच्या माळ्यावर धूळ खायची आणि नाताळच्या दिवशी प्रेमभोजनाच्या पंगतीला खाली उतरायची. ती धरायचा मान शांतवनचा. गडी उंचापुरा, हसरा, गळ्यानं गोड. कुणाच्याही लग्नात सगळ्यांच्या आधी हजर आणि सगळ्यांच्या शेवटी घरी. मटण असं शिजवायचा की पाळकसाहेबांचा उपदेश लांबला, तर लोक वासानंच आमेन म्हणायला लागायचे.

पण ही गोष्ट त्याच्यापेक्षा त्याच्या थोरल्या बहिणीची, सलोमीआक्काची आहे.

आई गेली तेव्हा शांतवन रांगत होता. आक्कानं त्याला कडेवर वाढवलं. पुढं आक्काचा नवरा लवकर वारला, पोरबाळ झालं नाही. आपलं म्हणावं असं माणूस तिला हे एकच. रोज संध्याकाळी तो तिच्याकडं चहाला यायचा. ती दोघांचं आधण ठेवायची. पहिला घोट घेऊन तो म्हणायचा, "आक्का, झकास!" मग साखर पडलेली असो वा नसो.

शांतवनमध्ये खोट एकच, आणि ती सगळ्या गावाला ठाऊक होती. तो तोंड पाहून वाढायचा.

पंगत चर्चच्या पायरीपासून सुरू व्हायची. तिथं पंच बसायचे, पाहुणे बसायचे, ट्रॅक्टरवाले बसायचे. त्यांच्यापुढं पळी पातेल्याच्या तळाशी बुडी मारायची आणि मगजानं भरलेली नळी घेऊन वर यायची. पंगत लिंबाखालून वळून गोठ्याच्या भिंतीकडं गेली, की पळीला बुडी मारायचा कंटाळा यायचा. ती वरवर फिरायची. तिथं अगदी शेवटच्या पानावर केशराबाई बसायची. नवरा नाही, जमीन नाही, मोलमजुरी करून राहणारी बाई. तिच्या पत्रावळीवर नुसता रस्सा. पातेल्यात मटणाच्या फोडी उरायच्या, नाही असं नाही. त्या संध्याकाळी डब्यांत बसून पंचांच्या घरी जायच्या.

आक्काला हे दिसत होतं. ती भाकऱ्या वाढत पंगतीत फिरायची, तिला न दिसून कसं चालेल? पण शांतवन तापट. एका चुलतभावानं एकदा काही सुनावलं, तर त्याच्या दारावरून जायचं यानं सोडलं होतं. आक्काच्या मनात यायचं, माझ्याशीही असाच रुसला तर? म्हणून तिनं एक तोड काढली होती. आपल्या वाटणीची फोड वाटीत घालायची, वाटी पदराखाली झाकायची आणि कुणाचं लक्ष नसताना केशराबाईच्या पानात सारायची. प्रेमानं झाकून घ्यावं माणसाला, असं ती स्वतःला सांगायची. सांगायला बरं वाटायचं.

यंदाही तिनं वाटी पुढं केली. केशराबाईनं पान मागं ओढलं.

"नको, सलोमीबाई. पुढल्या नाताळाला मी न्हाई यायची."

"अगं, असं काय करतेस?"

"तुम्ही चोरून देता. मग मला चोरून खाल्ल्यावानी होतं. देवाच्या अंगणात आले का चोरी करायला आले, तेच कळंना."

आक्काच्या हातातली वाटी हातातच राहिली. तेवढ्यात पंगतीच्या मध्यावरून गर्जना झाली.

"शांतवन! तोंड पाहून वाढतोस! हे पाप आहे, पाप! पंक्तिप्रपंच करणाऱ्यानं पळीला हात लावू नये!"

हे शीलास मास्तर. माणूस खरा बोलणारा, पण त्यातही एक गंमत होती. मास्तर यंदाच्या निवडणुकीत पंचांतून गळले होते. त्यामुळं त्यांची बसायची जागा पायरीवरून लिंबाखाली सरकली होती, आणि लिंबाखालून पळी कशी दिसते हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं होतं.

शांतवनचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यानं पळी पातेल्यात आपटली आणि तडक चर्चच्या मागं निघून गेला. पंगत तशीच बसून राहिली. ज्यांच्या पानात नळ्या पोचल्या होत्या ते म्हणाले, "जाऊ द्या हो, सणाचा दिवस आहे, प्रेमानं घ्या." ज्यांच्या पानात पोचल्या नव्हत्या ते म्हणाले, "हाकला त्याला!" पाळकसाहेब म्हणाले, "आपण प्रार्थना करू या." भुकेली पोरं रडायला लागली.

आक्का वाटी घेऊन मागं गेली. शांतवन चुलाण्यापाशी राखेत काडी ओढत बसला होता.

"ऐकलंस ना, आक्का? चारचौघांत! तू तरी सांग त्यांना, शांतवन कसा आहे ते."

जाऊ दे रे बाळा, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. वर्षानुवर्षांची सवय होती. पण हातातल्या वाटीचा चटका बसल्यासारखं झालं. ती त्याच्याजवळ राखेतच बसली आणि वाटी त्याच्यापुढं उघडी केली.

"ही माझी फोड. दर नाताळाला मी ती केशराबाईला देते. तू देत नाहीस म्हणून."

शांतवन बघतच राहिला. "म्हणजे तूसुद्धा मास्तरच्या बाजूची?"

"मास्तर बोलले ते खरं. ओरडले ते वाईट. आणि मी गप्प बसले, ते त्याहून वाईट." तिनं वाटी त्याच्याकडं आणखी सरकवली. "शांत्या, तू करतोस ते पाप आहे."

त्याच्या लग्नापासून तिनं त्याला शांत्या म्हटलं नव्हतं.

"आणि तू माझा भाऊ आहेस. आता रुसलास, उद्यापासून चहाला आला नाहीस, तरी आधण मी दोघांचंच ठेवणार."

 त्यानं हातातली काडी टाकली.

"मी काय करू, आक्का?"

"जेवायला बस. शेवटच्या पानावर."

तिनं त्याला गोठ्याच्या भिंतीपाशी केशराबाईशेजारी बसवलं. पातेल्यातून पळी उपसली आणि पंगतीच्या शेपटाकडून वाढायला सुरुवात केली. केशराबाईला तळातली मोठी फोड वाढली, उघड, सगळ्यांदेखत. भावाच्या पानावर मात्र वरवरचा रस्सा ओतून ती पुढं गेली. मास्तरांपाशी पोचल्यावर हळूच म्हणाली, "मास्तर, खरं बोललात. पण पायरीवर बसून नळी चोखताना कधी बोलला नाहीत ते?" मास्तरांना एकाएकी खोकला आला.

इकडं शांतवनची तारांबळ उडाली. नुसता रस्सा पत्रावळीवर थांबत नाही, पळतो. फोड असली तर ती अडवते. एवढी वर्षं पळी हातात धरून त्याला हे ठाऊकच नव्हतं. रस्सा कडेवरून मातीत निघाला, तशी केशराबाई हसली.

"असं न्हाई, दादा. भाकरीचा बांध घाला. असा." तिनं त्याची भाकरी मोडून त्याच्या पानात बांध घालून दिला. मग आपली फोड बोटांनी तोडली आणि अर्धी त्याच्या बांधाच्या आत ठेवली.

शांतवननं हातातला घास खाली ठेवला. "ताई, मी चुकलो," तो म्हणाला. "फार चुकलो."

"आधी खा. गार होतंय."

त्या संध्याकाळी तो चहाला आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. राग नव्हता, लाज होती; पण रिकाम्या दाराला दोन्ही सारखीच. आक्का रोज दोघांचं आधण ठेवायची, आपला कप प्यायची, आणि दुसरा झाकण न घालता चुलीपाशी ठेवायची. मांजर लठ्ठ व्हायला लागलं. मग एके दिवशी दारात सावली पडली. शांतवन आत आला, आपल्या जागेवर बसला, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आक्का, साखर नाही यात."

आक्का पदर तोंडाला लावून हसली. डोळेही त्याच पदरानं पुसले. "कितीदा नसायची," ती म्हणाली. "आज सांगितलंस."

पुढल्या नाताळात पळी पुन्हा शांतवनच्याच हातात होती. पंगत गोठ्याच्या भिंतीकडून सुरू झाली. पायरीवर पोचेपर्यंत पातेल्यात थोडाच रस्सा उरला, आणि पंचांना भाकरीचे बांध घालावे लागले. ते कसे घालायचे हे केशराबाईनं त्यांना जाऊन दाखवलं.

तात्पर्य: ज्याच्यावर प्रेम आहे त्याचं पाप पदराखाली झाकू नये आणि चारचौघांत त्याच्या तोंडावरही फेकू नये. त्याच्याशेजारी राखेत बसून ते त्याला सांगावं, आणि सांगून झाल्यावर त्याच्या वाटणीचा चहा चुलीवर ठेवायला विसरू नये.