उंबरखारचं हिरवं मीठ

ही आमची उघाडी. भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं आणि नको तेव्हा अडवायचं, त्यासाठीची ही लाकडी झडप. शेजारच्या दगडावर केळीच्या पानाच्या तुकड्यात हिरवं मीठ ठेवलेलं दिसतंय ना, त्याला हात लावू नका. फोटो खुशाल काढा. मागे एका पाहुण्यांनी त्यातलं चिमूटभर तोंडात टाकलं आणि वर 'आजी, याची बाटली मिळेल का?' असं मलाच विचारलं. त्यांना आम्ही घरी नेलं, पोटभर जेवू घातलं आणि मग काय खाल्लंत ते सांगितलं. बिचाऱ्यांचा चहा तसाच राहिला. तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

या मिठात फार काही नसतं. परसातल्या लसणीची कोवळी पात, कांद्याची पात आणि आगरातलं, म्हणजे मिठागरातलं, खडेमीठ. पात धुवायची, फडक्यावर पसरून वरचं पाणी पार सुकवायचं, मग मिठाबरोबर उखळात कुटायची आणि सुपात घालून सावलीत ठेवायची. उन्हात ठेवली की रंग जातो. पात ओली राहिली तर मिठाला पाणी सुटतं आणि सगळी मेहनत वाया जाते. शिकायला एक सकाळ पुरते, पण आमच्याकडे ते पहिल्यांदा जिनं केलं, तिला महिना लागला असं सांगतात.

बामी तिचं नाव. तिचा नवरा जोमा या उघाडीचा राखणदार होता. उघाडीजवळच त्यांचं घर, घरात जोमाची म्हातारी आई गोमाय, आणि पुढच्या दारी गोमायनं राखलेला लसणी-कांद्याचा वाफा. पौषातल्या अवसेला मोठं उधाण आलं आणि बांध फुटला. जोमा पेंढ्याच्या मोळ्या आणि चिखल घेऊन त्या भगदाडात उतरला. बांध राहिला, गावाची आगरं वाचली, जोमा मात्र वर आला नाही. तीन दिवस लोकांनी खाडी धुंडाळली, काही सापडलं नाही.

इथे त्या घराची चूक झाली. गोमाय म्हणाली, "मी डोल्यांनी बघला नाय, तवर माजा पोर मेला नाय." म्हणून काही विधी झाला नाही, आणि बामी रोज दुपारी त्याचं ताट वाढून ओटीवर ठेवू लागली. विधी नसला तरी घर दुखवट्यातलंच, त्यामुळे चुलीवर शिजायचं ते अळणीच. दहाव्या दिवशी भर दुपारी, आगरं नुसती पांढरी तळपत होती तेव्हा, जोमा मागच्या दारानं आला, खाडीतून आल्यासारखा ओल्या पायांनी, आणि ताटावर बसला.

तो काही बोलला नाही म्हणे. मान खाली घालून जेवला, आणखी मागितलं, तेही संपवलं आणि आला तसा गेला. ओटी छपराखालची, तिथे कुणाचीच सावली पडत नाही, त्यामुळे त्याला सावली नाही हे कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. बामीला कळलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. खाडीचं पाणी जमिनीवर वाळलं की मागे पांढरी रेघ राहते, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जोमाची ओली पावलं ओटीवर वाळली, आणि मागे काहीच राहिलं नाही.

तिनं ओटी सारवून घेतली आणि कुणाला सांगितलं नाही. तुम्ही तिला वेडी म्हणा, मी म्हणणार नाही.

जोमा रोज येऊ लागला. पुढच्या दारी लसणीचा वाफा होता, तो टाळून मागून यायचा. एकदा सवयीनं बामीच्या हातून कालवणात मीठ पडलं. पहिल्या घासालाच त्यानं हात आखडला, कुणीतरी हाक मारल्यासारखं खाडीकडे बघितलं, आणि उठून गेला. दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी बामीनं घरातली मिठाची बरणी खाडीत नेऊन रिकामी केली.

त्यानंतर गावाचं मीठ धरेना. आगरांतल्या वाफ्यांत पाणी घेतलं, ते तापलं, आटलं, खाली नुसता चिखल. पुन्हा घेतलं, पुन्हा चिखल. आमचं गाव भातावर नाही, मिठावर जगतं. माघ सरत आला तरी एका आगरात मूठभर पांढरं दिसलं नाही. लोकांनी देवाला नारळ दिले, एकमेकांना दोष दिले, दोन कुटुंबं भांडीकुंडी उचलून गेलीसुद्धा. बामी तोवर वाळून चिपाड झाली होती. गावात चूल पेटायची मारामार, आणि हिच्या ओटीवर रोज दोन ताटांचा भात संपत होता.

गोमायला दिसत कमी होतं, पण ऐकू चांगलं यायचं. एका दुपारी तो उठून गेल्यावर ती बामीजवळ येऊन बसली.

"आपला जोमाच येतं ना गो?"

बामी रडायला लागली. गोमाय बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "त्याला मीठ वाड, बामे. जाऊ दे त्याला."

"तुमाला तुमचा पोर नको झाला, आये?"

"मना नको? नऊ महिने मी वागवला त्याला." गोमायनं डोळ्यांना पदर लावला. "पर मी रोज आयकतंय. तो जेवतं, मागतं, परत जेवतं, नि उठतं तवा उपाशीच उठतं. अलणी खाऊन कुनाचा पोट भरला गो? आपुन त्याला भुका ठेवलाय."

गावाचं मीठ जातंय, हे ती एका शब्दानंही बोलली नाही. हे आमच्या गावात मुद्दाम सांगतात.

घरात मीठ नव्हतं, आगरात नव्हतं. बामी पदर पसरून दारोदार गेली. कशाला हवं, ते तिनं सांगितलं नाही आणि बायांनी विचारलं नाही. ज्यानं बांधासाठी जीव दिला त्याची बायको दारात आली होती. प्रत्येकीनं बरणीचा तळ खरवडून चिमूट चिमूट दिलं. गोमायनं स्वतःच्या वाफ्यातली लसूण मुळासकट उपटली, कांद्याची पात काढली, धुऊन सुनेपुढे ठेवली. नुसतं मीठ तो पहिल्या घासालाच ओळखून उठतो, तर पातीच्या वासाखाली ते त्याच्या पोटापर्यंत पोचू दे, असा म्हातारीचा विचार. वाफ्यात उभी लसूण त्याला अडवते, पण आईनं उपटून दिलेली अडवणार नाही, असंही ती म्हणाली.

बामी कुटायला बसली. संध्याकाळपर्यंत सुपातल्या मिठाचं पाणी झालं आणि सुपातून गळून गेलं. गोमायनं बोटं फिरवून बघितलं.

"पात ओली कुटलीस," ती म्हणाली. बामीनं सूप उलटं करून ठेवलं. तिला आणखी एक दुपार हवी होती, आणि म्हातारीला ते कळत होतं. ती रागावली नाही. उरलेल्या पातीची जुडी आणि मागे राखलेलं मीठ तिनं सुनेच्या मांडीवर ठेवलं आणि आत जाऊन पडली.

दुसऱ्या खेपेला बामीनं पात नीट सुकवली. कुटलेलं मीठ तीन दिवस सावलीत राखलं, हातानं खालीवर केलं. त्या तीन दुपारी जोमा आला, जेवला, गेला. तिन्ही दिवस ती समोर बसून त्याच्याकडे बघत राहिली. चौथ्या दुपारी तिनं तांदळाची गरम भाकरी केली, वर ते हिरवं मीठ पसरलं आणि ताट पुढे केलं.

पहिल्या घासाला तो थबकला. दोघी जिवाचा कान करून बसल्या होत्या. मग तो जेवू लागला. अवघी भाकरी संपवली, ताटातलं मीठ बोटानं निपटून खाल्लं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलला.

"आज चव आयली गो, बामे. पोट भरला माजा."

तो पुढच्या दारानं गेला. उपटून मोकळ्या झालेल्या वाफ्यातून, बांधावरून, पाण्यापर्यंत. ओटीवरची त्याची पावलं वाळली तेव्हा प्रत्येक पावलाभोवती पांढरी रेघ होती. त्याच संध्याकाळी आगरांवर मिठाचा पापुद्रा धरला असं सांगतात.

खाडीनं नेलेल्या ज्या माणसांना मागे कुणी कुटून वाढणारं नाही, त्यांच्यासाठी हे दगडावरचं पान. आणि आजही उंबरखारात माणूस गेलं की ते घर अळणी जेवतं. किती दिवस, हे कुणी ठरवून देत नाही. ज्याच्या जिवाला सगळ्यात जास्त लागलं असेल, त्यानंच स्वतःच्या हातानं हिरवं मीठ कुटायचं आणि गेलेल्याचं पान वाढायचं. तोवर कुणी घाई करत नाही. शेजारणी फक्त येता-जाता मूठ मूठ मीठ ओटीवर ठेवून जातात.

माझ्या ओटीवर यंदा पौषापासून बरंच साठलंय. आमचे घरधनी गेले. मी दोनदा कुटलं आणि दोनदा त्याचं पाणी झालं. शेजारणी म्हणतात, हवा दमट आहे. आगरातही अजून हवं तसं मीठ धरलेलं नाही, आणि गावातले जुने लोक माझ्याकडे बघून मान फिरवतात. चुकतंय माझं, मला कळतं. बामी माझ्यापेक्षा धीराची होती.

आता तुम्ही देवळाकडे व्हा पुढे, तिथला पुजारी सगळं दाखवील. बारा वाजत आले. मला घरी जाऊन त्यांचं ताट वाढायचंय.