दोन हजार पाचशे वीस दाणे

शेतांना अजून कुंपणं नव्हती, त्या काळची ही गोष्ट. ज्वारीच्या एका शेतात भुरी नावाची उंदरीण आपल्या नऊ पिल्लांसह राहायची. कापणी जवळ आली, तसे सगळ्यांनी मिळून हिवाळ्यासाठी दाणे साठवले. दोन हजार पाचशे वीस दाणे झाले आणि भुरी म्हणाली, "बास."

"आई, बाहेर अजून कितीतरी पडलेत," थोरला लुकड्या म्हणाला.

"असू देत. एवढ्यांचे दोन वाटे करा, तीन करा, अगदी दहापर्यंत कितीही करा, सगळे सारखेच होतात. एकही दाणा उरत नाही."

"पण आपण तर दहा जण आहोत. मग कमी वाटे कशाला करायचे?"

भुरीने फक्त त्याचा कान चाटला.

कापणीच्या दिवशी माणसं आली, कुत्री आली आणि पिल्लं वाट फुटेल तिकडे पळाली. थंडी पडली, तेव्हा बिळात भुरी धरून सातच जण होते. लुकड्याने मुकाट्याने सात वाटे केले. प्रत्येकाला तीनशे साठ दाणे आले. खायला मात्र कुणीच पुढे होईना.

तेवढ्यात बिळाच्या तोंडाशी खुडबुड झाली आणि सगळ्यांत धाकटी पिटुकली लंगडत आत आली. भुरीने तिला पोटाशी घेतलं.

लुकड्याने सातही ढीग पुन्हा एकत्र लोटले.

"आता एकेकाला तीनशे पंधराच येणार!" तो ओरडला, आणि आपापला वाटा कमी झाला म्हणून सगळी पिल्लं नाचायला लागली.