येतो म्हणावं

एकदा एक कल्हईवाला भर दुपारी आपल्या वृद्ध वस्तादांकडे आला. खांद्यावरचा भाता त्याने अंगणात असा आपटला, की सावलीत झोपलेले मांजर उठून निघून गेले. याच वस्तादांनी त्याला लहानपणी काम शिकवले होते. भांडे किती तापवावे, नवसागर केव्हा टाकावा, वितळलेले कथील कापसाने कसे फिरवावे, हे सारे त्याने त्यांच्यापाशी बसून आत्मसात केले होते. आता वस्तादांना अंधुक दिसे, परंतु भांड्यात बोट फिरवून कल्हई कुठे राहून गेली, हे ते अजूनही अचूक सांगत.

"कौसल्या कशी आहे?" वस्तादांनी शिष्याच्या पत्नीची विचारपूस केली.

"तशीच. तेच सांगायला आलोय. उद्या तिला माहेरी नेऊन सोडतो. परत आणायला जाणार नाही."

वस्ताद सुपारी कातरत राहिले. तेव्हा त्यालाच बोलावे लागले.

"सहा महिने झाले, वस्ताद. भिंतीकडे तोंड करून पडून असते. ताप नाही, खोकला नाही. हाक मारली तर हूं नाही. जत्रेला नेलं, तर आकाशपाळण्याकडे पाठ करून बसली. लुगडं आणलं, त्याची घडी मोडली नाही. बहिणीला बोलावून घेतलं. बहीण चार दिवस रडून गेली, ही रडलीसुद्धा नाही. शेजारीण मला म्हणते, लाड केलेत तुम्ही. तालुक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, हा मनाचा आजार आहे, नैराश्य म्हणतात त्याला. त्यांनी गोळ्या दिल्या. आठ दिवस रोज हातावर ठेवल्या मी. फरक शून्य. बंद केल्या."

"किती दिवस द्यायला सांगितलं होतं?"

"पुष्कळ. गुण दिसायलाच महिनाभर लागेल म्हणे. महिनाभरात मी अख्ख्या गावाची भांडी चकचकीत करतो."

"खरंय. तुझ्या हाताखाली भांडी काही बोलत नाहीत," वस्ताद म्हणाले.

शिष्याला हे आवडले नाही. तो उठला. "तुम्हीही तिच्याच बाजूचे. बरं, जातो."

"बस."

तो बसला. आता काही उपदेश मिळेल असे त्याला वाटले. परंतु वस्तादांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला आणि दुसरी सुपारी घेतली. काही वेळाने तो पुन्हा उठला. "जातो मी."

"बस."

तो पुन्हा बसला. सावली अंगणभर सरकली. मांजर परत आले आणि भात्यावरच बसले. आता मात्र तो ताडकन उठला. "जातो म्हटलं ना, वस्ताद. बाजार उठेल."

"बस."

कल्हईवाल्याचा संयम सुटला. "काय चाललंय हे? तिकडे घरी ती, इकडे तुम्ही. तिचंही रोज सकाळी असंच. दिवसभर तोंडातून शब्द नाही, पण मी उंबरठ्यावर 'जातो' म्हटलं की भिंतीकडून आवाज येतो, 'येतो म्हणावं.' माझी चूक काढायला बरं बळ येतं. म्हणून मीही मुद्दाम 'जातो'च म्हणतो."

अडकित्ता थांबला.

"रोज म्हणते?"

"रोज."

"आजही?"

"आजही. सांगितलं ना, चुकत नाही." हे बोलताना त्याचा आवाज खाली आला. का, ते त्याला कळले नाही.

वस्ताद म्हणाले, "चिडू नकोस असं मी सांगणार नाही. सहा महिने भिंतीशी बोलणारा माणूस चिडणारच. पण अरे, जिच्या हातांत वेणी घालण्याचं बळ उरलं नाही, ती रोज सकाळी दोन शब्दांचं बळ कुठून तरी गोळा करते. कशासाठी? लुगडं मागत नाही, जत्रा मागत नाही. तू परत यावंस, एवढंच मागते. आणि तेवढं सोडून तू तिला सगळं आणून दिलंस. काळं पडलेलं भांडं विस्तवावर धरावं, हे मीच तुला शिकवलं. माणसाचं ते काम मला येत नाही, तुलाही येत नाही. ज्यांना येतं त्यांच्याकडे जा. गोळ्या मध्येच बंद केल्या हे डॉक्टरीणबाईंना खरं खरं सांग, आणि त्या म्हणतील तसं कर. तुझं काम निराळं आहे. येतो म्हण, आणि ये."

"एवढंच?"

"एवढंच म्हणतोस? सहा महिने तुला ते जमलेलं नाही."

शिष्याने मांजराला हलकेच बाजूला केले, भाता उचलला आणि कुंपणापाशी वळून म्हणाला, "येतो, वस्ताद."

"ये."

दुसऱ्या दिवशी तो कौसल्येला माहेरी न नेता तालुक्याला घेऊन गेला. परतताना वाटेत ती एक शब्दही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिच्या हातावर गोळी ठेवली, पाणी दिले आणि कामाला निघाला. उंबरठ्यावर थांबून तो म्हणाला, "येतो."

भिंतीकडून आवाज आला नाही. त्याला थोडा रागच आला. इतके दिवस चुकलो तेव्हा बोलत होती, आज बरोबर म्हटले तर गप्प. अर्धे गाव चालून गेल्यावर त्याच्या ध्यानात आले, की तिने दुरुस्त करावे असे आज त्याच्या बोलण्यात काही नव्हतेच.

दिवेलागणीला तो परतला. ती तशीच पडून होती, वेणी तशीच विस्कटलेली होती. घरात दिवा लावायचा राहिला होता.

"आलो," तो म्हणाला, आणि खांद्यावरचा भाता त्याने न आपटता खाली ठेवला.