घंगाळावरचे पाटील

फार जुनी गोष्ट, आपल्या पणजीच्याही पणजीच्या वेळची. कुसवड्यात ठकूबाई नावाची एक तांबटीण राहायची. नवरा लवकर गेला, पण बाईचा हात काही रिकामा बसेना. भांडं शेकायचं, त्यावर मेण चोपडायचं, बाभळीच्या काट्यानं मेणात रेघा ओढायच्या नि वर तेजाब ओतायचं. मेण खरवडलं असेल तेवढंच तांबं तेजाब खायचं, बाकी भांडं जसंच्या तसं. ते तेजाब ती परसातच काढायची. असं म्हणतात, त्याच्या धुरानं शेजारच्या कोंबड्या आठ-आठ दिवस अंडं घालत नसत.

आता गंमत ऐका. भांड्यावर खूण म्हणून घरधन्याचं नाव हवं, आणि बायका तर नवऱ्याचं नाव घेत नसत. ठकूबाईलाही अक्षर येत नव्हतं. ती म्हणायची, "नाव राहू दे गं बये, खोड सांग." मग कुणाच्या हंड्यावर ढेरी उमटायची, कुणाच्या तांब्यावर नाक शिंकरणारा बाप्या. पण गावात भांड्यांची अदलाबदल कधी झाली नाही.

एकदा पाटलीणबाई लेकीच्या लग्नासाठी भलंमोठं घंगाळ घेऊन आल्या. लाजत म्हणाल्या, "आमचे हे निजले, की आ वासतात." झालं! घंगाळावर आ वासलेलं तोंड उमटलं, समोरचे दोन दात पडलेलं, वर घोंगावणारी माशी. धोंडजी पाटलांनी ते पाहिलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"व्याह्यांपुढं माझी ही शोभा? आठ दिवसांत गाव सोड, नाहीतर झोपडी पाडतो!"

ठकूबाई जाणार कुठं? माहेरी कुणी उरलं नव्हतं. तिनं मनातल्या मनात पाटलांच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि मग पोटभर रडली.

आठव्या दिवशी डोक्यावर गाठोडं घेऊन ती निघाली. वाटेत वडजाईचा बाजार लागला, तर तिथं ही गर्दी! पाटलांचं घंगाळ दोन दिवसांमागं चोरीला गेलं होतं, ते एका भांडेवाल्याकडं सापडलं. भांडेवाला म्हणे, "माझ्या आज्याचं आहे. तुमचं नाव कुठंय यावर?" बाजाराचे पंच पाटलांकडं बघू लागले. पाटलांनी लाजून घंगाळावरच्या तोंडावर हात ठेवला. लेकीची वरात परवावर आलेली.

ठकूबाईला आधी वाटलं, बरी खोड मोडली! पण त्या पोरीचा चेहरा आठवला आणि तिला राहवेना. ती गर्दीत घुसली.

"पाटील, निजा."

"काय?"

"निजा म्हणते ना! इथंच, या पोत्यावर."

निजले बिचारे, भर बाजारात. असं म्हणतात, डोळा लागताच तोंड उघडलं, दोन दातांची खिंड दिसली, आणि कुठूनशी एक माशी येऊन बरोब्बर वर घोंगावू लागली. असंही म्हणतात, की पाटील घोरले तसं ते घंगाळही घुमायला लागलं. पंच हसून हसून खाली बसले. भांडेवाला कधी पळाला ते कुणाला कळलंच नाही.

पाटील उठले. त्यांनी ठकूबाईचं गाठोडं उचलून स्वतःच्या पागोट्यावर ठेवलं. "चल, ठकूताई," एवढंच म्हणाले, आणि गावापर्यंत मान वर केली नाही.

आजही कुसवड्यात भांड्यावर नाव घालत नाहीत. लग्नात मेण लावलेला एक तांब्या येतो, त्याला ठकूबाईचा तांब्या म्हणतात. काटा नवरीच्या हातात द्यायचा, आणि ती काढील ते नवऱ्यानं मुकाट सोसायचं. पहिल्यांदा सगळे रुसतात. पण म्हातारा गेला, की घरातलं बाकी सगळं वाटलं जातं. तो तांब्या मात्र म्हातारी कुणाला देत नाही, रोज चिंच लावून स्वतः घासते.