ठमी मुंगी आणि मावशीचा एकच दाणा

गोदामावशी हरभऱ्याचं नवं वाण करत होती. एक झाड टपोऱ्या दाण्यांचं. एक झाड कधीच आजारी न पडणारं. मावशीने या फुलातले पराग त्या फुलाला लावले. हळूच, चिमट्याने. घाटा आला. फोडला, तर आत एकच दाणा!

मावशी तो पेरायला बसली. दाणा मातीवर ठेवला. तेवढ्यात ठमी मुंगी आली.

"अगंबाई, खाऊ!"

ठमीने दाणा ढकलला. गडगड गडगड... टुप! दाणा भेगेत पडला.

मावशी रडकुंडीला आली. "माझा एकच दाणा होता गं!"

ठमीला फार वाईट वाटलं. "मीच पाडला. मीच आणणार!"

तुरुतुरु तुरुतुरु, ठमी भेगेकडे.

"भेगे भेगे, दाणा दे."

"मला लागली तहान. आधी पाणी आण."

तुरुतुरु तुरुतुरु, ठमी पाटाकडे.

"पाटा पाटा, पाणी दे. भेग दाणा देईना."

"माझं तोंड मातीने बुजलंय. आधी मला साफ करणाऱ्या दगडूमामांना बोलाव."

तुरुतुरु तुरुतुरु, ठमी मामांकडे.

"मामा मामा, माती काढा. पाट पाणी देईना, भेग दाणा देईना."

"जा गं! हरभऱ्याच्या शेंड्यांची भाजी खाल्ल्याशिवाय मी हलायचा नाही."

तुरुतुरु तुरुतुरु, ठमी रोपाकडे.

"रोपा रोपा, शेंडे दे. मामा माती काढेनात, पाट पाणी देईना, भेग दाणा देईना."

"अळी मला कुरतडते. आधी तिला पळव."

तुरुतुरु तुरुतुरु, ठमी कोतवाल पक्ष्याकडे. तो काठीवर शेपूट हलवत बसला होता.

"कोतवालदादा कोतवालदादा, अळी खा. रोप शेंडे देईना, मामा माती काढेनात, पाट पाणी देईना, भेग दाणा देईना."

"एवढंच ना? मला भूकच लागली आहे!"

गट्टम! कोतवालाने अळी खाल्ली. रोपाने शेंडे दिले. मामींनी भाजी केली, चुर्र चुर्र. मामांनी भाजी खाल्ली, माती काढली, धप धप. पाटाने पाणी दिलं, झुळुझुळु. भेग पाणी प्यायली, गटागटा. आणि भेग मिटली!

"अगं भेगे, माझा दाणा?" ठमी रडायलाच लागली.

"थांब ना जरा," आतून आवाज आला.

एक दिवस गेला. दोन दिवस गेले. सात दिवस गेले.

टुच्च! हिरवा कोंब वर आला.

मावशी नाचायला लागली. "आलं गं बाई, आलं!"

झाड वाढलं. घाटेच घाटे लागले. दाणे टपोरे, झाड ठणठणीत! मावशीने दाणे पुन्हा पेरायला जपून ठेवले.

"या वाणाचं नाव ठमी हरभरा!" मावशी म्हणाली. मग तिने एक दाणा ठमीपुढे ठेवला. "आणि हा घे. हा तुझाच."

कुडुम कुडुम, ठमीने खाल्ला.