मुंगीच्या दारावर ढेप

एक होतं गुऱ्हाळ. उसाचा रस शिजवून तिथे गूळ करायचे. गुऱ्हाळाच्या कोपऱ्यात होतं एक भोक. एवढंसं. ते होतं मुंगीबाईंचं घर. मुंगीबाईंचं नाव कणू.

बाळं आत झोपली होती. कणू निघाली खाऊ आणायला. तुरु तुरु, तुरु तुरु.

इकडून आला तातोबा. तातोबा गुळाच्या ढेपा उचलायचा. ढेप म्हणजे गुळाचा हा मोठ्ठा गोळा. तुमच्याहून जड. पण तातोबाला कुणाची मदत नको असायची. म्हणायचा, "मी एकटा बास."

गुडघे ताठ ठेवले. कमरेत वाकला. ढेप उचलली. तसाच गर्रकन वळला.

कर्रर्र, पाठ करकरली.

धप्प, ढेप खाली टेकली. आणि टेकली कुठे? नेमकी कणूच्या दारावर.

तातोबा डब्यावर बसला. पाय लांब केले. कमरेवर हात ठेवला. तोंड वाकडं केलं.

कणू परत आली. तुरु तुरु, तुरु तुरु. बघते तर दार नाही. दारावर ढेप. बाळं आत.

"तातोबामामा, तातोबामामा, ढेप उचला.
माझी बाळं आत कोंडली."

तातोबा म्हणाला, "मी न्हाई उचलणार. पाठ धरलीया माझी. आधी पाठ सरळ होऊ दे."

कणू चढली पाठीवर. तुरु तुरु, तुरु तुरु.

"पाठीबाई, पाठीबाई, सरळ व्हा.
तातोबा ढेप उचलत नाही,
माझी बाळं आत कोंडली."

पाठ म्हणाली, "मी नाही सरळ होणार. सगळं ओझं माझ्यावरच. गुडघे नुसते उभे. आधी गुडघे वाकू देत."

कणू उतरली गुडघ्यांवर. तुरु तुरु, तुरु तुरु.

"गुडघेदादा, गुडघेदादा, वाका.
पाठ सरळ होत नाही,
तातोबा ढेप उचलत नाही,
माझी बाळं आत कोंडली."

गुडघे म्हणाले, "आम्ही नाही वाकणार. खाली बघ, चिपाडंच चिपाडं. वाकलो तर पाय घसरेल. आधी चिपाडं वाट सोडू देत."

चिपाडं म्हणजे रस काढलेला ऊस. सगळ्या वाटेवर पसरला होता. कणू गेली चिपाडांकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"चिपाडांनो, चिपाडांनो, वाट सोडा.
गुडघे काही वाकत नाहीत,
पाठ सरळ होत नाही,
तातोबा ढेप उचलत नाही,
माझी बाळं आत कोंडली."

चिपाडं म्हणाली, "आम्ही नाही वाट सोडणार. आम्हाला काय पाय आहेत? आधी खराटा झाडू दे."

कणू गेली खराट्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"खराटेबुवा, खराटेबुवा, झाडा.
चिपाडं वाट सोडत नाहीत,
गुडघे काही वाकत नाहीत,
पाठ सरळ होत नाही,
तातोबा ढेप उचलत नाही,
माझी बाळं आत कोंडली."

खराटा म्हणाला, "मी नाही झाडणार. मी भिंतीला टेकून उभा. आधी रकमाकाकी मला हातात घेऊ दे."

रकमाकाकी दारात उभी होती. डोक्यावर घमेलं. घमेल्यात राख. कणू गेली काकीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"रकमाकाकी, रकमाकाकी, खराटा घ्या.
खराटा काही झाडत नाही,
चिपाडं वाट सोडत नाहीत,
गुडघे काही वाकत नाहीत,
पाठ सरळ होत नाही,
तातोबा ढेप उचलत नाही,
माझी बाळं आत कोंडली."

काकी म्हणाली, "मी न्हाई खराटा घेणार. एकटीनं घमेलं उतरवलं तर मान मोडंल. आधी हिंदूराव हात लावू दे."

हिंदूराव गुळव्या. गूळ तोच शिजवायचा. मोठ्या काहिलीत नुकताच रस ओतून बसला होता. कणू गेली हिंदूरावाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. पाय दुखले तरी तुरु तुरु.

"हिंदूरावदादा, हिंदूरावदादा, हात लावा.
काकी खराटा घेत नाही,
खराटा काही झाडत नाही,
चिपाडं वाट सोडत नाहीत,
गुडघे काही वाकत नाहीत,
पाठ सरळ होत नाही,
तातोबा ढेप उचलत नाही,
माझी बाळं आत कोंडली."

हिंदूराव म्हणाला, "मी न्हाई हात लावणार. परवा ढेपेला हात लावाय गेलो, तर तातोबा हसला. म्हणाला, ज्याचं ओझं त्यानंच उचलायचं. आता आधी तातोबा हाक मारू दे."

झालं. कणू फिरून तातोबाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. आणि त्याच्या तोंडावर म्हणाली,

"तातोबामामा, तातोबामामा, हाक मारा.
हिंदूराव हात लावत नाही,
काकी खराटा घेत नाही,
खराटा काही झाडत नाही,
चिपाडं वाट सोडत नाहीत,
गुडघे काही वाकत नाहीत,
पाठ सरळ होत नाही,
तातोबा ढेप उचलत नाही,
माझी बाळं आत कोंडली."

तातोबा म्हणाला, "मी न्हाई हाक मारणार. माणसं हसतील."

कणूला रडू आलं. आत अंधार. बाळांना भूक लागली असेल. मग रडू थांबलं आणि राग आला. कणू चढली तातोबाच्या पायाच्या अंगठ्यावर आणि चावली.

कच्च.

"आई गं," तातोबा म्हणाला. अंगठ्याकडे हात नेला. कर्रर्र, पाठ करकरली. हात गुडघ्यापर्यंतच पोचला.

कच्च, कच्च.

आता काय करतो बिचारा? मारली हाक.

"हिंदूराव, ए हिंदूराव, जरा हात लाव की रं."

कुणी हसलं नाही.

तातोबानं हाक मारली, तसा हिंदूराव उठला. हिंदूरावानं हात लावला, घमेलं उतरलं. घमेलं उतरलं, काकीनं खराटा घेतला. काकीनं खराटा घेतला, खराटा झाडू लागला. खर्र खर्र, खर्र खर्र. खराटा झाडू लागला, चिपाडांनी वाट सोडली. चिपाडांनी वाट सोडली, गुडघे वाकले. गुडघे वाकले, पाठ सरळ झाली.

हिंदूराव एका बाजूला. काकी एका बाजूला. तातोबा मध्ये.

"पोटाशी धर," हिंदूराव म्हणाला. "आणि कमरेत वळू नगंस. पाय उचलून फिर."

एक, दोन, हुप्प. ढेप उचलली. गाड्यावर ठेवली. पाठ गप्प राहिली.

दार उघडलं. कणू आत पळाली. तुरुतुरुतुरु. एक बाळ, दोन बाळं, सगळी बाळं जागी. सगळी भुकेली. काकीनं दाराशी गुळाचा खडा ठेवला. "खा बाई," म्हणाली, "लई फिरलीस."

काकीनं तातोबाला घोंगडीवर निजवलं. दोन दिवस त्यानं काही उचललं नाही. मग तो उठला. पुढची ढेप आली. तातोबानं ढेपेकडे बघितलं, हिंदूरावाकडे बघितलं, आणि हाक मारली.

या वेळी कुणाला चावावं लागलं नाही.

गूळ झाला, गोष्ट झाली, आता तोंड पुसा आणि झोपा.