उबेचे माहेर

एका राज्यात हिवाळा पाहुण्यासारखा येत नसे, मालकासारखा येई. कार्तिक सरता सरता उत्तरेच्या डोंगरावरून गारठा उतरे, ओढे थिजत, आणि पुढचे चार महिने माणसांना शेगडीचाच आधार उरे. म्हणून तिथे प्रत्येक घराच्या भिंतीत दगडी शेगडी होती आणि शेगडीवर धुराडे होते. शेगडीतल्या विस्तवाला तिथले लोक विस्तव म्हणत नसत. ते त्याला ऊब म्हणत आणि ती घरची सून आहे असे मानत. चैत्रात ती माहेरी जाई, मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी परत येई. तो दिवस म्हणजे ऊबसण. त्या संध्याकाळी शेगडी पेटे आणि तिच्याच ज्योतीवर दाराखिडक्यांतले दिवे लागत.

राजा भद्रसेनाच्या वाड्यात मात्र तीन वर्षे शेगडी पेटली नव्हती. निखारा आणावा, तर तो उंबरठ्यावर काळा पडे. चकमक झाडावी, तर ठिणगी हवेतच मरे. बरे, दुसरीकडे राहायला जावे, तर राजघराण्यातले कुणीही ज्या घरात पाऊल टाकी, त्या घरची ऊबही निघून जाई. असे दोनदा घडले. तेव्हापासून हिवाळ्यात राजाने कुणाच्या दारी जायचे सोडले. सात घोंगड्या पांघरून तो दरबार करी, आणि त्याचे दात वाजू लागले की दरबारी माना खाली घालत.

राजाची धाकटी बहीण शलाका. वाट बघणे हे तिला ठाऊकच नव्हते. भात शिजेपर्यंत तीनदा झाकण उघडणाऱ्यांतली ती. त्या वर्षी राणी कुमुदिनीला दिवस गेले होते आणि पौषात बाळ यायचे होते. वैद्यांनी राणीची नाडी पाहिली, थंड भिंतींवरून हात फिरवला आणि बाहेर येऊन स्पष्ट सांगितले की या खोलीत ऊब नसेल, तर बाळ पहिला दिवससुद्धा काढणार नाही.

राजाने घोंगडी आणखी घट्ट ओढली. शलाका उठली.

वाड्याच्या सज्जात एक म्हातारा धनेश राहत असे. पिवळ्या चोचीचा हा थोरला पक्षी बोलत असे. त्या राज्यात निम्मे पक्षी बोलत, बहुतेक नको तेव्हा. शलाकेने त्याला विचारले की तीन वर्षे रोज वरून बघतोस, तुला काहीच ठाऊक नाही का? त्यावर तो म्हणाला की ठाऊक आहे, पण विचारले कुणी?

"तुमची ऊब मेलेली नाही, माहेरी बसून आहे," तो म्हणाला. "चल, घर दाखवतो."

दोघे निघाले. पहिला डोंगर बर्फाचा होता, दुसरा वाऱ्याचा. तिसऱ्यावर दगड पायाला कोमट लागू लागले. वर एक गुहा होती, आणि गुहेच्या तोंडाशी राखेच्या रंगाचे लुगडे नेसलेली धगाई बसली होती. ती साऱ्या शेगड्यांची आई. तिच्या पाठीमागे राज्यातल्या घराघरांच्या उबा निजल्या होत्या. लोहाराची भडक, कुंभारणीची मंद, एकट्या राहणाऱ्या माणसाची मुठीएवढी. एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून एक निळसर ज्योत बसली होती.

"तिथेच थांब," धगाई म्हणाली. "तुझ्या पायगुणाची कीर्ती इथवर आली आहे."

शलाकेने बाहेरूनच हात जोडले. "माय, आमच्या उबेला न्यायला आले आहे."

"घर तयार आहे?"

"राजवाडा आहे, माय."

"मी घर विचारलं."

मग धगाईने तीन कामे सांगितली. धुराडे झाडायचे, शेगडीची चीर लिंपायची आणि दिवे लखलखीत करायचे, तेही शलाकेने स्वतःच्या हातांनी. धनेशाने पाहून पसंती दिली, की सणाच्या संध्याकाळी लेक धाडीन, असे ती म्हणाली.

"आणि ती घरात येईल ना?" शलाकेने विचारले.

"धाडणं माझं. येणं तिचं."

शलाका धावतच परतली. त्याच दुपारी तिने बांबूला केरसुणी बांधली, खालून धुराडे खरवडले आणि धनेशाला हाक मारली. धनेशाने आत मान घातली. बाहेर काढली तेव्हा त्याची पिवळी चोच काळी झाली होती.

"छान," तो म्हणाला. "आता वरचं कोण झाडणार, तुझी सासू?"

मग ती छपरावर चढली. दोराला शिंदीच्या झावळ्यांचा मोठा जुडगा बांधला, खाली दगड लावला आणि तो धुराड्यातून वर-खाली ओढला. काजळी पडली, गांधीलमाश्यांचे जुने पोळे पडले, पाला पडला. संध्याकाळपर्यंत शेगडीत उभे राहून वर पाहिले, की चौकोनी आभाळ दिसू लागले.

दुसरे काम चिरेचे. पण चीर कुणाला दिसतच नव्हती. शेगडीच्या तोंडावर सोन्याचा पत्रा होता, पणजोबांनी एका जादूगाराला हरवून आणलेला. जादूगाराने जाताना शाप दिला होता की या सोन्यामागे जे बिघडेल, ते कुणाच्या नजरेस पडणार नाही. ते पडले नव्हतेच. प्रधान म्हणाले की राजकन्ये, हे घराण्याचे वैभव आहे. शलाकेने पहारीने वैभव उचकटले. मागे हातभर लांब चीर होती.

तिने पांढरी माती, शेण आणि भाताचा कोंडा पायांनी मळला आणि चीर भरली. लवकर वाळावी म्हणून चार दासींना पंख्याने वारा घालायला बसवले. सकाळी धनेशाने चोचीने एक टिचकी मारली आणि सगळे लिंपण भाकरीच्या पोपड्यासारखे सुटून खाली पडले. त्याने नुसती चोच पुसली. शलाकेला ते जास्त लागले.

दुसऱ्यांदा तिने माती भरून वर ओले फडके लावले आणि तीन दिवस तिथेच बसली. कोरडे झाले की फडके पुन्हा भिजवी. बसल्या बसल्या तिसरे काम हाती घेतले. वाड्यात तर राखही उरली नव्हती. कुंभारणीने टोपलीभर राख आणून दारात ठेवली, तेव्हा चिंच आणि राख लावून शलाकेने समया घासल्या, पणत्या धुतल्या, आकाशकंदिलांना नवे कागद चिकटवले. राणी कुमुदिनी जवळ येऊन वाती वळू लागली. तिची बोटे गारठ्याने जांभळी पडली होती.

"वन्सं, तुम्ही इतका वेळ एका जागी बसलेल्या मी आजच पाहते आहे."

"वहिनी, सांगू नका कुणाला."

राणी हसली. मग तिने शलाकेचा हात घेऊन पोटावर ठेवला. आत बाळ हलले. त्यानंतर शलाकेने फडके भिजवायला एकदाही उशीर केला नाही.

सणाची संध्याकाळ आली. धनेशाने धुराडे पाहिले, चीर ठोकून पाहिली, समयांत आपली चोच पाहिली आणि पसंती दिली. खाली नगरात एकेक घर उजळू लागले. डोंगरवाटेने सगळ्या उबा उतरत होत्या आणि आपापल्या दारी वळत होत्या. सर्वांत शेवटी निळसर ज्योत आली. लोकांनी तिला वाट दिली. ती वाड्याच्या उंबरठ्याशी आली आणि थांबली.

शलाका म्हणाली की सारे तयार आहे. ज्योत हलली नाही.

"घरात खोट नाही," धनेश म्हणाला. "मग घरच्यांच्या बोलण्यात असेल. तीन वर्षांपूर्वी हिला निरोप कुणी दिला?"

राजाला आठवले. चैत्रातला दिवस होता, शिकारीला निघायची घाई होती, घोडा दारात उभा होता. शेगडीची झडप त्यानेच लोटली होती.

"काय म्हणालास, दादा?" शलाकेने विचारले.

"वाईट काहीच नाही. 'जा आता' म्हणालो."

एका दासीने हातातले तबक खाली ठेवले. त्या राज्यात निघणारा "येतो" म्हणे आणि घरचे "ये" म्हणत, मग तो शेजारी निघालेला असो की परदेशी. "जा" हा शब्द तिथे फक्त चितेपाशी उच्चारत.

राजाचा चेहरा लाल झाला. मग तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "मी राजा भद्रसेन. मी आज्ञा करतो, आत चल." ज्योत बोटाएवढी झाली.

राजा गडबडला. तुझ्यासाठी चंदनाची लाकडे आणवतो, म्हणाला, सोन्याचा पत्रा पुन्हा बसवतो. ज्योत गव्हाच्या दाण्याएवढी झाली.

शलाकेच्या ओठांवर शब्द आले होते. ती पुढे झाली, तशी धनेशाने तिच्या पदराचे टोक चोचीत धरले. "ज्यानं घालवलं, त्यानंच बोलवायचं." दाण्याएवढी ज्योत वाऱ्यावर लवत होती, आणि शलाकेने दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड धरून ठेवले. तिच्या आयुष्यातले ते सर्वांत अवघड काम होते.

राजाने घोंगड्या एकेक करून उतरवल्या. कुडकुडत तो उंबरठ्यावर बसला, ज्योतीएवढा खाली वाकला.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "तू माहेरी निघालीस आणि मी वळूनही पाहिलं नाही. घरात बाळ येणार आहे. पण त्याच्यासाठी म्हणून नको, आणि माझ्यासाठी तर नकोच. हे घर तुझं आहे, म्हणून ये."

ज्योत थोडी उंच झाली. तिने राजाच्या गुडघ्याला वळसा घातला, उंबरठा ओलांडला आणि चालत शेगडीत जाऊन बसली. धुराडे गुणगुणू लागले. शलाकेने पहिली वात त्या ज्योतीवर लावली, वातीवरून समई, समईवरून पणत्या, आणि सज्जातला शेवटचा कंदील लागला तेव्हा खालच्या नगराने ओरडून दाद दिली.

राजघराण्याच्या पायगुणाचा शाप सरला. दुसऱ्या दिवशी राजा कुंभारणीच्या घरी राखेचे आभार मानायला गेला आणि तिच्या शेगडीपाशी असा रमला, की शेवटी तिला सांगावे लागले, महाराज, आमची जेवणं व्हायची आहेत. सोन्याचा पत्रा गावविहिरीवर झाकण म्हणून गेला. तिथे त्याचा कुणाला उपद्रव झाला नाही.

पौषात राणीला मुलगी झाली. बाहेर बर्फ पडत होते. शलाकेने तिला मऊ दुपट्यात नीट गुंडाळले आणि शेगडीजवळ पाळण्यात ठेवले. मुलीने क्षणभर विचार केला, लाल झाली, आणि पहिल्याच दिवशी लाथ मारून दुपटे उडवून लावले. तीन हिवाळ्यांत त्या वाड्यात कुणाला उकडले नव्हते.

जशी ऊब त्या घरी नांदली, तशी ही गोष्ट ऐकणाऱ्यांच्या घरी नांदो.